सातव्या थरातल्या चौदा विटा

"वीट दिसते कशी ते मला सांगू नका, ती वाजते कशी ते ऐकू द्या."

हे वाक्य बाबांनी पन्नास वर्षांपूर्वी थोरल्या अध्यक्षांच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि तेही त्यांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना. लेक तेव्हा सात वर्षांची होती. आईच्या मांडीवर मावत नव्हती, तरी हट्टाने मांडीवरच बसली होती. तिला त्या सभेतलं मोकळं मैदान आठवतं, मधोमध मांडलेलं टेबल आठवतं आणि टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवलेली लालभडक वीट आठवते. अध्यक्ष त्या विटेकडे बोट दाखवून विचारत होते, "बंधुभगिनींनो, ही वीट म्हणजे कोण? ही वीट म्हणजे तुम्ही! एकटी असली तर कुणीही यावं आणि लाथ मारून जावं. पण एकीवर एक चढली की तिची भिंत होते, आणि मग लाथ मारणाऱ्याचाच पाय मोडतो!" टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी वीट दोन्ही हातांनी वर उचलली. "पाहा, दिसते कशी देखणी!"

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक काटकुळा गवंडी उठला आणि ते वाक्य बोलला. बोलून थांबला नाही, सरळ टेबलापाशी गेला. अध्यक्षांच्या हातातली वीट त्याने काढून घेतली, टेबलाखालची दुसरी एक उचलली आणि दोन्ही एकमेकींवर आपटल्या. थड्. ओल्या लाकडावर मूठ मारावी तसा आवाज.

"कच्ची आहे," तो म्हणाला. "नुसती रंगाने पिकलीय."

लोक हसले. अध्यक्षही हसले. सार्वजनिक जीवनात माणूस लोकांच्या बरोबर हसला नाही, तर लोक त्यालाच हसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मग ठरलं," ते म्हणाले. "एवढा कान आहे, तर भिंत यांच्याच हाती द्या."

बाबांना भिंत मिळाली ती अशी.

गावात त्यांना ओळंबा म्हणत. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन भिंतीशेजारी सोडलं की भिंत सरळ आहे की कललीय ते लगेच कळतं, आणि मग कुणाचा वशिला चालत नाही. बाबा उंच, अंगाने दोरीसारखे, मान कायम थोडी खाली. भावाभावांच्या वाटणीतली मधली भिंत घालायला दोघेही भाऊ त्यांनाच बोलावत, आणि काम झाल्यावर दोघेही म्हणत, "ओळंब्याने त्याच्या बाजूने केलं." याहून मोठं प्रशस्तिपत्र गवंड्याला मिळत नाही.

भिंत होती वाचनालयाची. गावाला वाचनालय हवं होतं आणि अध्यक्षांना निवडणूक जिंकायची होती, असा तो दुग्धशर्करा योग. तीन भिंती ठेकेदार बांधणार आणि रस्त्याकडची, दाराची भिंत लोकांच्या विटांची, असं ठरलं. 'एक घर, एक वीट.' ज्याने त्याने आपल्या विटेवर आपलं नाव घालून ती आणून द्यायची. मग दोन महिने मैदानात विटा येत राहिल्या. कुणी सायकलच्या मागे बांधून आणली, कुणी डोक्यावर, कुणी दुपट्यातल्या बाळासारखी कडेवर. डांबराने लिहिलेली नावं, दाराच्या उरलेल्या रंगाने लिहिलेली नावं, खिळ्याने कोरलेली नावं. कुणी नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं नाव घातलं, कुणी नुकत्याच गेलेल्या भावाचं. शिंप्याने नाव घालण्याऐवजी कात्रीचं चित्र काढलं. लेक शाळेतून सुटली की त्या ढिगात जाऊन बसे आणि नावं वाचे. खरं म्हणजे ती वाचायला शिकली ती पाटीवर कमी आणि विटांवर जास्त.

पुढे ताडपत्रीच्या आडोशाला भिंत उभी राहिली, तिला आतून-बाहेरून गिलावा झाला, पांढरा रंग लागला, आणि सगळी नावं आत गेली. आत गेली म्हणूनच बहुधा लोकांना ती अधिक दिसू लागली. "आमची वीट दाराच्या डोक्यावर, बरोबर मधोमध." "आमची तुमच्या वर एक थर." पाहुण्यांना भिंत दाखवायला आणत. दोन शेजारणींचं बोलणं बंद झालं ते खिडकीलगतची वीट कुणाची यावरून, आणि गिलाव्याखालच्या त्या विटेवरून त्या सात वर्षं बोलल्या नाहीत.

आणि अध्यक्षांनी वीट सोडली नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पत्रकावर वीट होती. दवाखाना उघडला तर 'आरोग्याची वीट', गटार बांधलं तर 'स्वच्छतेची वीट'. सभासद फुटला तर म्हणायचे, "एक वीट निखळली म्हणून भिंत पडत नाही." विरोधकांतला एक खट म्हातारा एकदा भर सभेत बोलला होता, "यांच्या भिंतीतली वीट होण्यापेक्षा माझ्या हातातली वीट बरी." त्या दिवशी पोलीस बोलवावे लागले होते. थोरले अध्यक्ष गेले, त्यांची खुर्ची मुलाला मिळाली, आणि खुर्चीबरोबर ते भाषणही. धाकटे अध्यक्ष दर वर्धापनदिनाला तेच बोलत. फक्त बापाचा आवाज बसका होता आणि यांचा चिरका.

लेक त्याच वाचनालयात ग्रंथपाल झाली. तिने लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायचं लोकांचं वय निघून गेलं. सकाळी कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, वर्तमानपत्रं काठ्यांत अडकवायची. जुन्या कागदाचा आणि थंड फरशीचा मिळून एक वास त्या खोलीत असे. तो तिच्या साड्यांना लागला होता. अकराच्या सुमाराला भिंतीवरून ऊन खाली सरके आणि लांब टेबलाच्या टोकाशी येऊन थांबे. बाबा आणि पोस्टमन रोज तिथेच बसत. दोघेही निवृत्त, दोघेही ऐंशीच्या पुढे. पोस्टमन वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, बाबा ऐकायचे, आणि पंधरा मिनिटांनी दोघेही पेंगायचे.

तिच्या मनात एकच सल होता. दाराशेजारी संगमरवरी पाटी होती. तिच्यावर थोरले अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, ठेकेदार होता, घड्याळ भेट देणारा दुकानदारसुद्धा होता. गवंडी नव्हता. पाटीशेजारून बाबा रोज आत येत आणि बाहेर जात. त्यांनी मान वर करून तिच्याकडे कधी बघितलं नाही. लेकीने मात्र ती रोज वाचली. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती, आणि बाबांना किती वर्षं उरली होती कोण जाणे. म्हणून सुवर्णमहोत्सवाची बैठक झाली तेव्हा, कधी न बोलणारी ती, बोलली: "आतल्या बाजूचा गिलावा काढू या. विटा उघड्या करू. नावं दिसू देत. आणि ज्यांनी ती भिंत बांधली, त्यांचा सत्कार करू."

धाकटे अध्यक्ष खुर्चीतून उडालेच. "ताई! अहो, इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही कुणाला?"

ती घरी आली ती तरंगतच. बाबा मागच्या दारी पायरीवर बसले होते. शेजाऱ्याचं कुंपण चाललं होतं आणि त्याच्या ढिगातला एक राखाडी सिमेंटचा ठोकळा बाबांनी मागून आणला होता. बोटाच्या पेराने ते त्याच्यावर टकटक करून बघत होते.

"मुका आहे गं हा," ते म्हणाले. "कुठेही वाजव, काही बोलत नाही. भाजलाच नाही तर बोलेल कसा?"

तिने बातमी सांगितली. सगळी सांगितली, सत्काराचीसुद्धा. बाबांचं बोट थांबलं.

"गिलावा काढणार?"

"हो."

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या."

बाबा म्हणाले, "चहा टाक. आणि बस इथे."

ती चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी ठोकळा उचलून लांब ठेवला होता. जागा करावी तसा.

"त्या भिंतीत लोकांच्या विटा नाहीत," ते म्हणाले.

तिला आधी वाटलं, वय झालं, काहीतरी गोंधळ होतोय. "बाबा, मी स्वतः ढीग बघितलाय. मी नावं वाचलीत त्यातली."

"ढीग होता. दोन हजारांवर विटा होत्या. पण पोरी, दान म्हटलं की माणूस घरात काय शोधतो? नको असलेलं. कुणी जुन्या चुलीतली काजळलेली आणली, कुणी मोरीतली, लोणा धरलेली. बोट लावलं की भुगा. पडक्या संडासाची आणणारेही होते, नावं सांगत नाही. आणि मापं? एक साडेआठ इंचांची, एक नऊची, एक पावणेदहाची. थर धरायचा कसा? थर धरला नाही तर भिंतीला पोट येतं. आत पोरं वाचत बसणार होती. तू बसणार होतीस."

"मग?"

"मग काय. एकेक वाजवली. सगळ्या. आठ दिवस लागले. जी वाजेल ती मापाला लावायची. वाजून मापात बसल्या त्या चौदा."

"चौदाशे?"

"चौदा. एक दहा आणि चार."

शेजारी कुणीतरी सिमेंट कालवत होतं, फावड्याचा खरखर आवाज येत होता. तिने कप खाली ठेवला.

"बाकीच्या विटा आणल्या कुठून मग?"

"भट्टीवाल्याकडून. त्याची चिमणी कलली होती. मी म्हटलं, चिमणी सरळ करून देतो, मला एका भट्टीतल्या दोन हजार विटा दे, मी निवडीन त्या. उन्हाळाभर चढत होतो त्या चिमणीवर. तुला वाटायचं मी परगावी कामाला जातो."

"आणि लोकांच्या? फेकून दिल्या?"

"फेकीन कशा? नावं होती त्यांच्यावर." बाबांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "जोत्यात घातल्या. जमिनीखाली. फरशी बसायच्या आधी मातीवर एकेक आडवी मांडली, नाव वर करून. सरळ रांगेत. काही तुटक्या होत्या, त्या जोडून ठेवल्या. ठेकेदाराची माणसं सहाला जायची. मग आम्ही दोघं लागायचो, अंधार पडेपर्यंत."

"दोघं कोण?"

"तुझी आई. ती विटा हातात द्यायची आणि नाव वाचून सांगायची. मला कुठे वाचता येतं?"

लेकीला आई दिसली. आई रोज संध्याकाळी वाचनालयात यायची, चपला दाराशी काढायची आणि मासिक घेऊन सरळ फरशीवर बसायची. बाकं रिकामी असली तरी. मुलीला लाज वाटायची; मास्तरीणबाई बाकावर बसतात, डॉक्टरांच्या बाई बाकावर बसतात, आणि आपली आई खाली, पाय पसरून. "वर बस ना गं," ती दात-ओठ खाऊन कुजबुजायची. आई म्हणायची, "इथे बसलं की साऱ्या गावाच्या घरी जाऊन आल्यासारखं वाटतं." तेव्हा तिला ते आईच्या शंभर वेडगळ बोलण्यांतलं एक वाटलं होतं. कधीकधी आई वाचता वाचता तळहाताने फरशी चोळायची, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. आईला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. फरशी तीच होती. लेक रोज तिच्यावरून चालत होती.

"सांगितलं का नाही कुणाला?" तिने शेवटी विचारलं.

"सांगणारच होतो. उद्घाटनाच्या दिवशी. पण लोक असे आले म्हणून सांगू, भिंतीला हात लावून रडत होते. म्हटलं, उद्या सांगू. मग रोजच उद्या."

ती रात्रभर जागी राहिली असं नाही, चांगली झोपली. पण सकाळी उठली ती एक हिशेब डोक्यात घेऊनच. चौदा विटा. त्या आहेत. खऱ्या आहेत. नावांच्या आहेत.

"कुठे आहेत त्या चौदा?" तिने बाबांना विचारलं.

"डाव्या खिडकीखाली. सातवा थर, एका ओळीत."

"मग तेवढाच गिलावा काढायचा. एका थराचा पट्टा. नमुना म्हणून."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "चौदा घरं खूश होतील. बाकीच्यांना काय सांगशील?"

"काही सांगायचंच नाही. आपल्याही आत आहेत असं ते समजतील."

"समजतील की. पन्नास वर्षं समजतायत."

"बाबा, तुम्हाला कळत नाही. सगळा गिलावा निघाला तर लोक काय म्हणतील? ओळंबा वाकडा निघाला म्हणतील. ज्या भिंतीपायी तुमचा सत्कार, त्याच भिंतीपायी तुमची..." पुढचा शब्द तिने गिळला. "मीच ही बला ओढवून आणलीय. मला निस्तरू द्या."

बाबांनी नखातली माती काढायला घेतली. ही त्यांची जुनी रीत होती. आई म्हणायची, तुझे बाबा उत्तर द्यायचं नसलं की नखं कोरतात.

ती अध्यक्षांकडे गेली. सगळा गिलावा काढला तर ओल येईल, पुस्तकं खराब होतील, त्यापेक्षा खिडकीखाली एका थराचा पट्टा काढू, असं तिने सांगितलं. ग्रंथपालाच्या तोंडून ओलीचं नाव निघालं की कुणी वाद घालत नाही. "उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. "थोडक्यात गोडी. आणि पहिला घाव काकांच्याच हातचा. फोटोसुद्धा चांगला येईल."

समारंभ सकाळी दहाला होता. नऊलाच खोली भरली. टेबलं कडेला सारली होती, खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं कपाटांना टेकून उभी होती. भिंतीशी तर झुंबड. "आमची इथे असणार बघ." "छे, बाबा म्हणायचे दारापासून तिसरी." मुलं गिलाव्याला कान लावत होती, मोठे हसत होते.

पोस्टमन ठेवणीतला कोट घालून आला होता. त्याने काठीने दाराच्या उजवीकडे कमरेच्या उंचीवर टोचलं आणि लेकीला म्हणाला, "तुमच्या त्या खिडकीचं झालं की माझीही काढा गं. ही इथे, बारावा थर. तीस वर्षं टपाल टाकायला आलो, एक दिवस चुकला नाही, हात लावूनच आत आलो." मग आजूबाजूच्यांना, ज्यांनी हे शंभरदा ऐकलं होतं, त्यांना त्याने पुन्हा सांगितलं, "आमच्या म्हाताऱ्याच्या विहिरीच्या काठाची वीट. विहीर बुजवली तेव्हा एवढी एकच मी काढून घेतली. असली वीट आता होणे नाही!"

बाबा खाली बघत होते.

लेकीने छन्नी आणि हातोडी बाबांच्या हातात दिली, आणि देताना हळूच म्हणाली, "डावी खिडकी. सातवा." बाबांनी मान हलवली. खिडकीपाशी गेले. हाताने जमिनीपासून थर मोजल्यासारखं केलं आणि बरोबर त्या जागी तळवा ठेवला. कॅमेरेवाला पुढे सरसावला. लेकीचा श्वास सुटला.

बाबांनी तळवा तसाच भिंतीवरून सरकवत नेला. खिडकी मागे राहिली. दार ओलांडलं. दाराच्या उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, पोस्टमनने काठी टोचली होती तिथे थांबले आणि छन्नी लावली.

ब्याऐंशी वर्षांचा हात; पण घाव कसा घालायचा ते हात विसरत नाही. चार घावांत थाळीएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. आत विटा होत्या. लाल, सारख्या, एका भट्टीच्या, सांधे दोरीसारखे सरळ. एकीवरही अक्षर नाही.

"अहो, पुसलं गेलं असेल," कुणीतरी म्हणालं. "इतकी वर्षं झाली."

बाबांनी दोन हात पलीकडे आणखी एक पापुद्रा पाडला. मग दाराच्या वर, स्टुलावर चढून. कोऱ्या विटा. ते खाली उतरले आणि वळले. धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"नावं पुसली नाहीत," ते म्हणाले. "तुमच्या विटा भिंतीत नाहीत. मी घातल्या नाहीत. कच्च्या होत्या, मापात नव्हत्या. चौदा घातल्यात, त्या खिडकीखाली आहेत, बघायच्या तर बघा. बाकीच्या इथे आहेत." आणि त्यांनी पाय आपटला.

दीडशे माणसांनी एकदम आपापल्या पायांकडे बघितलं.

मग जो गलका झाला त्यात कोण काय म्हणालं ते लेकीला नीट कळलं नाही. "फसवणूक" हा शब्द दोनदा ऐकू आला. कुणीतरी पहार आणली. कोपऱ्यातली एक फरशी उचकटली, मग शेजारची, आणि मग लोक गुडघ्यांवर बसले.

विटा तिथे होत्या. रांगेत, नाव वर करून, झोपवलेल्या. काहींचा भुगा झाला होता, पण डांबर टिकलं होतं. वीट गेली आणि नाव राहिलं असं काहीतरी झालं होतं. शिंप्याची कात्री निघाली. "अगं, ही आजीची!" एक बाई ओरडली आणि लगेच म्हणाली, "शी, अर्धीच?" कुणाची तरी काजळी धरलेली निघाली. एका दुकानदाराच्या विटेला मोरीचा गिलावा अजून चिकटलेला होता, आणि त्याचा नातू ती लपवायला बघत होता. हसू फुटलं. रागावलेली माणसंही हसू लागली. ज्याची वीट निघत होती, तो बाबांना जाब विचारायच्या ऐवजी इकडेतिकडे बघत होता.

हसला नाही तो पोस्टमन. त्याची वीट चौथ्या फरशीखाली निघाली. तिला काही झालं नव्हतं. मोठी, गडद, कडा शाबूत. त्याने ती दोन्ही हातांनी उपसली आणि अख्खं आयुष्य ज्याच्याशेजारी पेंगला त्या माणसासमोर धरली.

"ही कच्ची आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. "साऱ्या ढिगात ही एक नंबर वाजली होती. पण पाऊण इंच मोठी होती."

"पाऊण इंच."

"थरात बसत नव्हती. तासली असती तर फुटली असती."

"मला सांगायचंस."

"भांडला असतास."

"भांडलो असतोच! चार दिवस बोललो नसतो. पाचव्या दिवशी आलो असतो झक मारत." पोस्टमनचा आवाज फाटला. "पण तीस वर्षं गाढवासारखा तुझ्या विटेला हात लावत फिरलो नसतो. तू बघत होतास. शेजारी बसून बघत होतास, ओळंब्या."

"बघवत नव्हतं मला."

"मग डोळे मिटलेस वाटतं? मला वाटायचं तू पेंगतोयस."

त्याने वीट काखेत मारली, काठी उचलली आणि गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाला. वीट जड होती. दोन पावलांवर ती काखेतून घसरली, त्याने ती सावरली, पुन्हा घसरली.

इतक्यात ध्वनिवर्धक खरखरला. धाकटे अध्यक्ष एका खुर्चीवर चढले होते. बापाच्या हाडाचे होते ते. क्षणभर पांढरे पडले होते, पण क्षणभरच. "बंधुभगिनींनो! पन्नास वर्षं आपण समजत होतो की आपण भिंत आहोत. आज काकांनी आपले डोळे उघडले! आपण भिंत नाही. आपण पाया आहोत! भिंत दिसते, रंग भिंतीला लागतो, फोटो भिंतीचा निघतो. पण तिला डोक्यावर घेऊन उभा असतो तो पाया! न दिसणारा, न बोलणारा!"

टाळ्या. गुडघ्यांवरची माणसंही धुळीच्या हातांनी टाळ्या वाजवू लागली. एका बाईने डोळे पुसले.

लेकीला ठाऊक होतं की हा पाया नव्हे. पाया दगडाचा होता, ठेकेदाराचा, पुरुषभर खोल, आणि भिंती उभ्या होत्या त्या त्याच्यावर. ही नुसती फरशीखालची भर होती; भिंतीचं वजन तिच्यावर रतीभरही नव्हतं. हे त्या खोलीत आणखी एकाच माणसाला माहीत होतं. तिने बाबांकडे बघितलं. आता बोलतील, तिला वाटलं. अख्ख्या आयुष्यात यांनी चुकीचं माप ऐकून सोडलं नाही.

अध्यक्षांनी खुर्चीवरून खाली उतरून बाबांचा हात धरला. दुसऱ्या हातात चौकटीतलं मानपत्र होतं. त्यावर बाबांचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत, अध्यक्षांच्या नावाच्याही वर. लेकीनेच ते बसून लिहून घेतलं होतं. "काका, दोन शब्द! आज तुम्ही नाही बोललात तर कोण बोलणार?" त्यांनी ध्वनिवर्धक बाबांच्या तोंडाशी आणला. कॅमेरेवाल्याने डोळा बारीक केला. सगळे हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते. एकाच्याही चेहऱ्यावर राग उरला नव्हता.

बाबांनी त्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग दाराकडे बघितलं. बाहेर, पायऱ्यांपाशी, पोस्टमन एका पायरीवर थांबून वीट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत होता आणि त्या खटाटोपात त्याची काठी खाली पडली होती.

"बाबा?" लेक म्हणाली.

बाबांनी हातोडी टेबलावर ठेवली, अध्यक्षांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, उघड्या विटांच्या कडेकडेने, एकाही नावावर पाय न देता, दारापर्यंत गेले आणि काठी पडली होती त्या पायरीकडे उतरले.